टाके निघाले, पुढे काय?

हृदयरोगावरची आपली सार्वजनिक चर्चा गेली काही वर्षं कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीच्या, दारातच घुटमळते आहे. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्रानं स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीदार नळीच्या, किमतीला लगाम घातला. औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरली आणि तेव्हापासून वाद सुरू आहे तो सुरूच आहे. स्टेंट खरंच लागत होता की गळ्यात मारला? आमच्या जिल्ह्याला कॅथलॅब कधी? सरकारी योजनेच्या पाच लाखांच्या कवचात बायपास बसते का, आणि बसत असेल तर रुग्णालय वर पैसे का मागतं? एक गट म्हणतो, यंत्रं वाढवा, डॉक्टर वाढवा. दुसरा म्हणतो, हा सगळा धंदा आहे, लोकांना सकाळी चालायला लावा, तेल कमी करायला सांगा. दोन्ही गट तावातावानं बोलतात आणि दोघांच्याही हिशेबात एक माणूस येत नाही: ज्याला झटका येऊन गेला, ज्याचा जीव वाचला आणि जो हातात फाइल घेऊन घरी परतला. पहिल्या गटाच्या लेखी तो बरा झाला. दुसऱ्याच्या लेखी त्यानं वेळीच काळजी घेतली नाही. तो मात्र घरी खाटेवर बसून छातीत काही हलतंय का याचा कानोसा घेत असतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या रुग्णांचं पुनर्वसन हा उपचाराचाच भाग आहे. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली, तितक्याच ठसठशीत अक्षरात, ते लिहिलं गेलं पाहिजे आणि त्याचा खर्च त्याच पॅकेजमधून, म्हणजे उपचारासाठी रुग्णालयाला मिळणाऱ्या ठरावीक रकमेतून, निघाला पाहिजे. पुनर्वसन म्हणजे दोन-तीन महिन्यांचा आखीव कार्यक्रम: मोजून वाढवत नेलेला व्यायाम, श्वासाचं तंत्र, गोळ्या नीट चालल्या आहेत का याची तपासणी, तंबाखू-मिश्री सोडवणं, खाण्याचा विचार आणि मनात बसलेल्या भीतीशी बोलणं. ‘रोज थोडं चाला’ हे त्यातलं फार तर एक वाक्य आहे. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा माझा स्वार्थ गृहीत धरूनच पुढचं वाचा.

गुडघ्याचा सांधा बदलला की दुसऱ्या दिवशी फिजिओ खाटेशी हजर असतो. घरी गेल्यावरही तो यायला हवा हे कुटुंबाला पटलेलं असतं आणि त्याचे पैसे खळखळ न करता दिले जातात. मग छाती उघडून हृदयावर काम झालेल्या माणसाला आपण फक्त ‘जपा’ एवढंच सांगून घरी का धाडतो? कारण गुडघा हलवल्याशिवाय सुधारत नाही हे सगळ्यांना दिसतं, पण हृदय मात्र न हलवल्यानं टिकतं अशी आपली जुनी समजूत आहे.

ही समजूत अडाण्यांची नव्हती, वैद्यकशास्त्राची होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्याला चार-सहा आठवडे सक्तीनं झोपवून ठेवत. कित्येकांना हातानं जेवूही देत नसत. 1952 मध्ये बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उचलून खुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. फक्त खुर्चीत, चालवलंही नाही. तेवढ्यानंसुद्धा त्यांच्या काळातले डॉक्टर बिथरले. पण खुर्चीतल्या रुग्णांचं काही बिघडलं नाही. 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना टप्प्याटप्प्यानं कामाला लावलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले. 1966 मध्ये डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर ठेवून पाहिलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांच्या खाटेनं केलं होतं. विशीतल्या निरोगी पोरांची ही गत, तर साठीच्या, मधुमेह असलेल्या, बायपास झालेल्या माणसाची काय होत असेल?

आपल्याकडचा दाखला याहून जवळचा आहे. क्षयरोग्याला कोरडी हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती लागते, त्याला सॅनेटोरियममध्येच ठेवलं पाहिजे, यावर एके काळी कुणाचं दुमत नव्हतं. मिरजजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांची वसाहत त्याच विचारातून उभी राहिली. 1956 मध्ये मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले. उरलेले निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या घरांत, जेमतेम जेवणावर, पण औषधं नेमानं देऊन. 1959 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झालेले निघाले. विश्रांतीचा डोलारा कोसळला आणि जगभर क्षयाचा उपचार रुग्णाच्या घरी गेला. या प्रयोगानं ‘आता घरी जा आणि बघा काय होतंय ते’ असं सांगितलं नव्हतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. रुग्णाच्या घरी माणूस जात होता, गोळ्या मोजल्या जात होत्या. विश्रांतीच्या जागी व्यवस्था आली होती. आपण हृदयाच्या बाबतीत खाट काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही.

फुप्फुसांच्या बाबतीत तर आपण अजून खाटेवरच आहोत. भारतातल्या मृत्यूंच्या कारणांत हृदयविकाराच्या पाठोपाठ सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसत जाणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, नंबर लागतो, हे 2016 सालच्या आकडेवारीतून स्पष्ट झालं आहे. पण सीओपीडी हे नाव घराघरांत पोहोचलेलंच नाही, सगळे त्याला ‘दमा’च म्हणतात. पुण्यातल्या संशोधकांनी बिडीला हातही न लावलेल्या माणसांतल्या, विशेषतः चुलीच्या धुरातून होणाऱ्या, या आजाराकडे जगाचं लक्ष वेधलं. क्षय बरा होऊनही फुप्फुसावर व्रण राहिलेले, दगडखाणीत धूळ खाल्लेले असे आणखी कितीतरी. या सगळ्यांना आपण काय सांगतो? पंप घ्या, धुरात जाऊ नका आणि दम लागत असेल तर बसून राहा.

हा तिसरा सल्ला सर्वांत घातक आहे. सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी पाहिली की ते कळतं. तीस मीटरचा व्हरांडा, दोन टोकांना दोन शंकू, मध्ये एक खुर्ची, बोटाला ऑक्सिमीटर. मावशी म्हणाव्यात अशा एक बाई, आयुष्य चुलीपुढे गेलेल्या. ‘मावशी, बोलायचं नाही, नुसतं चालायचं. दम लागला तर बसा, पण घड्याळ थांबणार नाही.’ त्या दोनदा बसल्या. शेवटी विचारलं, शून्य ते दहामध्ये दम किती लागला? ‘लई.’ लई म्हणजे किती? ‘म्हशीला वैरण टाकून आल्यावर लागतो तेवढा.’ सोबतचा मुलगा लगेच म्हणाला, ‘वैरण कुठली? आम्ही आईला काहीसुद्धा करू देत नाही. पाण्याचा तांब्याही हातात देतो.’ त्याच्या मायेत काडीचीही खोट नव्हती. पण दुखणं नेमकं तिथंच वाढत होतं. दम लागतो म्हणून माणूस बसतो. बसल्यानं मांड्यांचे स्नायू वाळतात. वाळलेल्या स्नायूंना थोड्या कामालाही जास्त श्वास लागतो, म्हणून दम आणखी लागतो, म्हणून माणूस आणखी बसतो. परसापर्यंतचं चालणं दारापर्यंत येतं आणि दारापर्यंतचं खाटेपर्यंत. पुनर्वसन हा फेरा उलटा फिरवतं. त्यानं फुप्फुस दुरुस्त होत नाही. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा महिन्या-दोन महिन्यांनीही जैसे थे असतो. सुधारतात ते पाय. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून श्वास सावकाश सोडायला शिकलं की दम लागला तरी माणूस घाबरत नाही. सहा मिनिटांत तीस मीटर, म्हणजे व्हरांड्याची एक खेप, वाढली तरी रोजच्या जगण्यात ती जाणवते. इतक्या वेळा हे सिद्ध झालंय की 65 चाचण्यांचा आढावा 2015 मध्ये आल्यावर, ‘याचा उपयोग होतो का’ एवढंच विचारणाऱ्या नव्या चाचण्यांची आता गरज नाही, असं वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या मंडळींनीच म्हटलं. वैद्यकात असं सहसा कुणी म्हणत नाही.

आता विरोधातले मुद्दे. ते पोकळ नाहीत.

पहिला: झटका आल्यावर वेळेत ईसीजीसुद्धा न मिळणाऱ्या तालुक्यात पुनर्वसनाची भाषा म्हणजे चैन नव्हे का? आधी जीव वाचवा, मग पाय चालवा. हे वजनदार आहे. दोन्हींसाठी एकाच तिजोरीतून आणि एकाच माणसाकडून काम घ्यायचं असतं तर मीही तसंच म्हटलं असतं. पण पुनर्वसनाला हृदयरोगतज्ज्ञाचे तास लागत नाहीत. लागतो तो फिजिओथेरपिस्ट, एक नर्स, स्टॉपवॉच, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि चालायला जागा. आपल्या राज्यात दर वर्षी फिजिओथेरपीची पदवी घेऊन पोरं-पोरी बाहेर पडतात आणि तुटपुंज्या पगारावर दवाखान्यात कंबरा शेकत बसतात. (2025 मध्ये देशभर वाद झडला तो त्यांनी नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही यावर. एक पत्र निघालं, दुसऱ्याच दिवशी मागं घेतलं गेलं. त्यांना काम काय द्यायचं, यावर पत्र निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.) आणि जीव वाचवण्याच्या साखळ्या उभ्या राहतच आहेत. गोव्यानं परिघावरची आरोग्य केंद्रं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजशी जोडून झटक्याचं निदान आणि पहिला उपचार गावाजवळ नेला. अशी जितकी यंत्रणा वाढेल तितके वाचलेले रुग्णही वाढतील. वाचलेल्यांची सोय मागाहून बघू म्हणणं म्हणजे पूल बांधून पलीकडचा रस्ता विसरणं.

दुसरा मुद्दा पुराव्याचा, आणि तो मांडणारे शहाणे लोक आहेत. 2012 मध्ये ब्रिटनमधली रॅमिट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. 14 रुग्णालयं, 1,813 रुग्ण, आणि पुनर्वसन मिळालेले व न मिळालेले यांच्या मृत्यूंत फरक नाही. आताची औषधं आणि स्टेंट इतके चांगले आहेत की व्यायामानं वेगळं काय साधणार, असा त्याचा रोख. आपल्याकडे 24 केंद्रांत जवळपास 4,000 रुग्णांवर झालेल्या, योगावर आधारित पुनर्वसनाच्या योगा-केअर चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. तिथंही मृत्यू किंवा पुन्हा झटका येणं यात निर्णायक फरक दिसला नाही. हे मान्य करायलाच हवं. पुनर्वसनानं आयुष्य हमखास वाढतं असं जे केंद्रचालक जाहिरातीत लिहितात, ते पुराव्यापलीकडचं बोलतात. पण त्याच योगा-केअरमध्ये रुग्णांचं जगणं सुधारलं आणि ते झटक्याआधीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. आणि रॅमिट एकटी चाचणी आहे. 85 चाचण्यांतले 23,000 हून अधिक रुग्ण एकत्र धरले, तर हृदयविकारानं होणारे मृत्यू, पुन्हा येणारे झटके आणि रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात, असंच चित्र येतं. समजा, तेही बाजूला ठेवलं. मोतीबिंदू काढल्यानं आयुष्य वाढतं का, असं आपण कधी विचारतो? रिक्षा चालवणारा माणूस बायपासनंतर पुन्हा रिक्षा चालवू लागला, तर त्याच्या घराच्या दृष्टीनं उपचार यशस्वी झाला. नाही लागला, तर सरकारनं भरलेले लाख-दीड लाख रुपये कशासाठी खर्च झाले?

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो: सोय केली तरी लोक येत नाहीत. ब्रिटनमध्ये ही सेवा फुकट आहे, तरी पात्र रुग्णांपैकी साधारण निम्मेच येतात. अमेरिकेत मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा हृदयरुग्णांच्या 36 बैठकांचे पैसे देतं, तरी चारांतला जेमतेम एक येतो. सीओपीडीची गत याहून वाईट. तिथल्या सुमारे दोन लाख रुग्णांच्या नोंदी 2020 मध्ये तपासल्या, तेव्हा रुग्णालयातून सुटल्यावर 90 दिवसांत पुनर्वसन सुरू केलेले भरले 1.5 टक्के. त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू कमी होते, पण जे मुळात बरे होते तेच आले असतील, ही शंका उरतेच. श्रीमंत देशांत हे हाल, तर आपल्याकडे आटपाडीहून सांगलीला आठवड्यातून तीनदा कोण येणार? कुणी येणार नाही, आणि यायची गरजही नाही. घरी करायचा कार्यक्रम नीट आखून दिला आणि फोनवरून पाठपुरावा ठेवला, तर त्याचा परिणाम केंद्रातल्या कार्यक्रमाइतकाच होतो, हे अनेक चाचण्यांत दिसलंय. म्हणजे पुन्हा मद्रासचाच धडा. सुरुवातीला एक-दोनदा मोठ्या रुग्णालयात तपासून धोका ठरवायचा, मधले आठवडे गावाजवळ काढायचे. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी आहे, आशाताई आहे, ऑक्सिमीटर आहे. मोजायचं कसं हे कोण शिकवणार, असं म्हणाल तर 2021 चा एप्रिल आठवा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागानं सहा मिनिटं चालून ऑक्सिजन तपासायला सांगितलं आणि घराघरांत, गच्चीवर, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्हरांड्यात लोक बोटाला ऑक्सिमीटर लावून चालत होते. ही चाचणी फुप्फुसाच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं वापरात होती. भीती होती तेव्हा ती महाराष्ट्रानं काही दिवसांत शिकून घेतली.

चौथं म्हणणं चहाच्या टपरीवर जास्त ऐकू येतं: चालायला काय लागतं? बागेत जा, योगासनं करा, त्यात शास्त्र कसलं? चालणं फुकट आहे हे खरंच. पण किती चालायचं, कोणत्या वेगानं, नाडी कितीवर गेल्यावर थांबायचं, गोळीनं नाडी मुद्दाम संथ ठेवलेली असताना दमाचा अंदाज कशावरून घ्यायचा, छातीचं हाड जुळेपर्यंत पाण्याची बादली उचलायची की नाही, एसटीत चढताना दांडी कोणत्या हातानं धरायची, खोकताना उशी छातीशी का धरायची? हे न सांगता घरी पाठवलेल्या माणसांचे दोन प्रकार मी पाहतो. एक भीतीनं हलतच नाही. दुसरा कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर वाचून थेट टेकडी चढायला जातो. जिममध्ये कुणी कोसळल्याचा व्हिडिओ फिरला की पहिल्याची भीती पक्की होते. देखरेखीखालच्या व्यायामात हृदय बंद पडण्याचा प्रसंग एक लाखाहून अधिक रुग्ण-तासांत एखादाच, हे त्याला कुणी सांगत नाही. आणि एक प्रश्न आहे जो कुणी विचारत नाही, कुणी सांगतही नाही: नवरा-बायकोनं पुन्हा जवळ यायचं कधी? दोन जिने विनात्रास चढता येत असतील तर बहुतेकांना हरकत नसते. हे एक वाक्य डिस्चार्जच्या वेळी न बोलल्यामुळे कितीतरी घरांत वर्षानुवर्षं अबोला नांदतो.

बायकांचं तर वेगळंच. आपल्या घरांत पुरुषाला बायपासनंतर खाटेवरून उतरू देत नाहीत आणि बाईला खाटेवर टेकू देत नाहीत. तिला पुनर्वसनाला पाठवलं जातं कमी आणि पाठवलं तरी ती मध्येच सोडते, हे जगभर दिसतं. तिचं काम ‘व्यायाम’ म्हणून गणलं जातं आणि विषय संपतो. पण टाके ओले असताना कुकर उचलणं हा व्यायाम नव्हे. तो आखलेला नाही, मोजलेला नाही आणि नको म्हणायची सोय त्यात नाही.

पैशाचं गणित शेवटी पाहू. आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतरच्या 15 दिवसांचा खर्च धरला आहे. बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळायलाच दोन-तीन महिने लागतात. खासगी विमा तर बहुधा 24 तास भरती झाल्याशिवाय ओळखच देत नाही. रोज चालून येऊन तासभर व्यायाम करणारा रुग्ण त्यांच्या व्याख्येत बहुतेक वेळा बसत नाही. म्हणजे कापण्याला पैसे आहेत, कापल्यावर उभं करण्याला नाहीत. यात कुणाची दुष्टाई नाही, पण रुग्णालय तेच विकणार ज्याचं बिल होतं. म्हणून पॅकेजची रक्कम एकदम देऊ नये. दहा टक्के मागं ठेवावेत आणि सहाव्या व बाराव्या आठवड्याची तपासणी झाल्यावर सोडावेत. रुग्णाच्या प्रवासासाठी फार वेगळं करायचं नाही: एसटीत 75 वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास आहे, महिलांना निम्मं तिकीट आहे, उरलेल्यांना, क्षयरोग्यांना पोषणाचे पैसे थेट खात्यात जातात तसे, जाण्यायेण्याचे पैसे द्यावेत.

रुग्णालयं यावर कुरकुर करतील, आणि त्याहून मोठा धोका म्हणजे खोट्या नोंदी होतील. कागदावर सगळे रुग्ण चालतील. तो धोका मी नाकारत नाही; योजनांचा आपला अनुभव तसाच आहे. पण इथं पडताळणी सोपी आहे. स्टेंट खरंच लागत होता का, हे मागाहून ठरवायला तज्ज्ञांची समिती लागते आणि तीही भांडते. सहा मिनिटांत माणूस किती चालतो, हे पाहायला तीस मीटरचा व्हरांडा आणि घड्याळ पुरतं. योजनेच्या तपासनिसानं दर महिन्याला यादीतली काही नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत, त्या रुग्णांना जवळच्या उपकेंद्रावर बोलवावं आणि चालायला सांगावं. आकडा नोंदीशी जुळला तर दहा टक्के सोडावेत, नाही जुळला तर रुग्णालयाला विचारावं.